शंभर दाणे आणि एक ओलं पोतं

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. पुण्या-नाशिकची मुलं नव्या पुस्तकांना कव्हरं घालून मोकळी झालेली असतात, तेव्हा नागपूरची मुलं अजून कूलरसमोर लोळत असतात. जूनच्या उत्तरार्धात एकदाची घंटा वाजते आणि नेमक्या त्याच दिवसांत काटोल, हिंगणा, उमरेडच्या शिवारात पेरणीची लगबग असते. शाळेचं वर्ष आणि खरीप हातात हात घालून सुरू होतं, ही विज्ञान शिकवणाऱ्यासाठी आयती चालून आलेली संधी आहे. आपण ती ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ या निबंधात घालवतो. फार तर तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवतो, किंवा परसबागेत मेथी पेरून तिच्यासोबत फोटो काढतो.

मेथी पेरण्यात वाईट काही नाही. पण बी टाकलं, पाणी घातलं, उगवलं, यातून मूल शिकतं ते एवढंच की बी उगवतं. हे त्याला आधीच ठाऊक होतं. विज्ञान सुरू होतं दुसऱ्या कुंडीपासून. दोन्ही कुंड्यांत सगळं सारखं, फरक फक्त एक, आणि निकाल मोजून सांगायचा. तिसरी-चौथीच्या मुलाला ‘नियंत्रित प्रयोग’ वगैरे सांगायची गरज नाही. ‘एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही’ एवढा नियम पुरतो आणि मुलं तो खेळाच्या नियमासारखा काटेकोर पाळतात.

सुरुवात करायला सगळ्यात चांगला प्रयोग शेतकऱ्यांकडूनच घ्यावा. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर पेरणीआधी त्याची उगवणक्षमता तपासा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पद्धत अगदी साधी. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या रांगांत मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा टाकायचा, हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकेल इतकंच पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजायचे. वर्गात गोणपाट नसेल तर जुना टॉवेल चालतो.

दाणे शंभरच का घ्यायचे, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. पाचवी-सहावीत टक्केवारी शिकवताना आपण नफा-तोट्याची गणितं देतो. इथे मोजलेला आकडा हीच टक्केवारी असते. पुढचं गणित तर खरंखुरं आहे. सोयाबीनची हेक्टरी ७५ किलो बियाण्याची शिफारस ७० टक्के उगवण गृहीत धरून केलेली असते. वर्गाच्या पोत्यात ६० दाणेच उगवले, तर शेतात किती किलो लागेल? ७५ गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे साडेसत्त्याऐंशी किलो. व्यस्त प्रमाणाचं हे गणित फळ्यावर कंटाळवाणं वाटतं. मोजलेले साठ कोंब समोर असले की नाही वाटत.

आता यात दुसरी कुंडी आणायची. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं आणि कोवळा अंकुर त्या टरफलाच्या अगदी लगत असतो. म्हणून पोती आदळू नका, मळणीयंत्र फार वेगात फिरवू नका, असं शेतकऱ्यांना सांगतात. वर्गात पन्नास दाणे जसेच्या तसे घ्यावेत आणि दुसरे पन्नास पिशवीत घालून तीच पिशवी फरशीवर दहा-वीस वेळा आपटावी. हे काम मुलं फारच मन लावून करतात! मग दोन्ही गट शेजारी-शेजारी ओल्या पोत्यात ठेवायचे. फरक किती पडेल ते दाणा किती कोरडा होता यावर अवलंबून आहे, त्यामुळे उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नसतं. मला विचाराल तर शेतीच्या प्रयोगांचा सगळ्यात मोठा फायदा हाच. पाठ्यपुस्तकातल्या प्रयोगाचा निष्कर्ष खाली छापलेला असतो, तो वाचून मुलं प्रयोग ‘जमवतात’. इथे जमवायला काही नसतं.

जाता जाता आणखी एक. हरभरा भिजवला की मोड येतात, हरभऱ्याची डाळ भिजवली तर येत नाहीत. का? घरातल्या मोठ्यांपैकी बरेच जण इथे अडखळतात. हरभरा फोडून भिंगाखाली धरला की टोकाशी इवलासा अंकुर दिसतो. दोन्ही डाळिंब्या म्हणजे त्याची शिदोरी. डाळ करताना अंकुर तुटून जातो, उरते नुसती शिदोरी.

पेरणी कधी करायची, हा शेतकऱ्याचा दुसरा प्रश्न. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हा सल्ला नागपूरकर दर जूनमध्ये वर्तमानपत्रात वाचतात. पण शंभर मिलिमीटर म्हणजे किती? मैदानात उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा ठेवायचा आणि सकाळी पट्टीने पाणी मोजायचं, झालं पर्जन्यमापक. त्याच्या शेजारी मुद्दाम दुप्पट रुंदीचा डबा ठेवावा. मोठ्या डब्यात जास्त पाणी म्हणजे जास्त मिलिमीटर, असं बहुतेक मुलं पैजेवर सांगतात. पट्टी बुडवली की दोन्हीकडे आकडा एकच! तोंड रुंद असेल तर पाणी जास्त पडतं, पण पसरायला जागाही तेवढीच जास्त असते. यातूनच पुढे एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हा हिशेब मुलं स्वतः काढू शकतात.

खरी चैन आहे ती मातीत. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट खडक पश्चिमेकडून येत नागपूरपाशी संपत जातो. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची आहे. शहराच्या पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुना, वेगळ्या जातीचा खडक लागतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे काळ्या जमिनीत कापूस आणि संत्री, तर रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांध्या दिसतात. वर्गातल्या प्रत्येकाने मामाच्या गावाहून मूठभर माती आणली तरी संग्रह तयार होतो. देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात अमरावती रोडवर आहे, हेही मुलांना या निमित्ताने सांगावं.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा म्हणजे वाळूहून बारीक गाळ काही तासांत, आणि चिकणमातीचे कण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. थरांची जाडी पट्टीने मोजली की मातीची जन्मपत्रिका हातात आली. कन्हान नदीकाठची माती आणि कळमेश्वरची काळी माती शेजारी ठेवून बघा.

काळ्या मातीचा खरा स्वभाव मात्र दुसऱ्याच प्रयोगात कळतो. दोन्ही तोंडं कापलेला डबा जमिनीत दोन-तीन बोटं रोवायचा, त्यात अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं. हे मे महिन्यात भेगाळलेल्या शेतात केलं तर पाणी बघता बघता गडप होतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा ओतत गेलं की वेग मंदावतो आणि शेवटी पाणी तसंच साचून राहतं. मुलांचा पहिला तर्क असतो, ‘जमिनीचं पोट भरलं.’ तर्क चुकीचा नाही, अपुरा आहे. या मातीतल्या चिकण खनिजाचे कण पत्त्यांच्या जोडासारखे थरांचे असतात. पाणी दोन थरांच्या मध्ये शिरतं, कण फुगतात आणि ज्या भेगांतून पाणी आत गेलं त्याच बुजतात. मग वरचं पाणी वरच. अतिवृष्टीत सोयाबीन पिवळं का पडतं, रुंद वरंबे करून मधल्या सऱ्यांतून पाणी का काढून द्यावं लागतं, याचं उत्तर त्या डब्यात आहे.

फुगणं पाहिलं, आता आखडणं. काळ्या मातीचा ओला गोळा मळून त्याची वीस सेंटीमीटरची कांडी करायची, तशीच दुसरी रेताड मातीची, आणि दोन्ही सावलीत वाळू द्यायच्या. आठवड्याने मोजलं तर काळी कांडी दोन-तीन सेंटीमीटर आखडलेली, बहुधा तडकलेलीही सापडते. रेताड कांडी आखडत नाही, पण हातात घेताच तिचा भुगा होतो. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंतींना तडे का जातात, हे नागपुरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या ना कुणाच्या घरी तो तडा असतोच.

ऑगस्ट हा सोयाबीनच्या मुळांचा महिना. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एक झाड मातीसकट अलगद खणून काढायचं, उपटायचं नाही, नाहीतर हवं ते जमिनीतच राहतं. मुळं बादलीत हळूच धुतली की त्यांवर मोहरीपासून मटाराएवढ्या गाठी दिसतात. पाहिल्याबरोबर मुलं म्हणतात, “याले रोग झाला काय?” गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-लालसर निघते, आणि इथे वर्ग खरोखर गप्प होतो, कारण झाडाच्या मुळात कुणाला असा रंग अपेक्षितच नसतो. या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. जिवाणू तो बांधून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. जिवाणूंच्या कामात जास्त ऑक्सिजनची अडचण होते, म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुरवतं. गाठ आतून गुलाबी असेल तर कारखाना चालू, पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद. नायट्रोजनसाठी युरियाची वाढीव पोती न टाकता सोयाबीन कसं तगतं, हे मग वेगळं सांगायला नको.

कापसाला एवढी खटपट लागत नाही, नुसता दोरा लागतो. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होतं. सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवला नाही तर ‘दोन रंगांची फुलं येतात’ असंच वाटत राहतं. पाकळ्या न उमलता एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं तर ती डोमकळी, आत गुलाबी बोंडअळी बसलेली. बोंड फुटल्यावर एक सरकी घ्यावी, तिच्यावरचे तंतू काळ्या कापडावर सरळ विंचरावेत आणि लांबी मोजावी. साधारण तीन सेंटीमीटर भरेल. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात आणि त्यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो असं शिकवलेल्या मुलांना ही पेशी पट्टीने मोजता येते.

संत्र्याचं बी खाऊन झाल्याबरोबर, वाळू न देता लावावं. दोन ते चार आठवड्यांनी कोंब येतात आणि कित्येकदा एकाच बीतून दोन-तीन येतात. “पाह्य ना मॅडम, याले जुळे झाले!” नागपुरी संत्र्याच्या बीत एकाहून जास्त गर्भ असतात. त्यातले बहुतेक परागकणांशिवाय, थेट आईच्याच पेशींपासून तयार होतात, म्हणजे ही रोपं आईची हुबेहूब नक्कल असतात. जंबेरी या लिंबाच्या जातभाईच्या बीतही असंच होतं. संत्र्याचे डोळे ज्या जंबेरीच्या खुंटांवर भरतात, म्हणजे ज्यांवर संत्र्याचं कलम करतात, ते खुंट रोपवाटिकेत एकसारखे मिळतात ते यामुळेच.

दोन सूचना कळकळीने कराव्याशा वाटतात. दुकानातून आणलेलं गुलाबी, निळं, हिरवं बियाणं मुलांच्या हाती कधीच देऊ नये. तो रंग औषध चोळल्याची खूण आहे. कापसाच्या पाकिटातलं बियाणं असंच असतं, म्हणून प्रयोगाला स्वयंपाकघरातले मूग-हरभरे किंवा घरचं सोयाबीन बरं. आणि फवारणी झालेल्या शेतात वर्ग नेऊ नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्यापासून फार लांब नाही.

हाताने काम करत शिकायचं, ही कल्पनाही लांबची नाही. नागपुरापासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली, आणि त्यात सूतकताईबरोबर शेतीही होती. पुढे अनेक शाळांत तिचा ‘कार्यानुभव’ नावाचा आठवड्यातला एक तास झाला, आणि तो बहुधा गणिताच्या सरांनी मागून घेतला! तोच तास परत मागावा असं वाटतं, कारण वर सांगितलेल्या प्रत्येक प्रयोगात गणित आहेच.

हिवाळ्यात हरभरा येतो आणि त्याच्याजवळ दोन प्रयोग आहेत. पहाटे हरभऱ्याच्या पाल्यावरून बोट फिरवून चाखलं तर आंबट लागतं, ती आंब. पातळ स्वच्छ फडकं पाल्यावरून फिरवून ते पेलाभर पाण्यात पिळावं आणि त्यात गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी टाकावं. रंग जांभळा-गुलाबी होतो, म्हणजे त्यात आम्ल आहे. हे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पानांवरच्या बारीक लवेतून झिरपतं. दुसरा प्रयोग शेंडे खुडण्याचा. पेरणीनंतर महिन्याभराने एका ओळीचे शेंडे खुडायचे, दुसरीला हात लावायचा नाही. शेंडा खालच्या फांद्यांना दाबून ठेवणारं संप्रेरक तयार करतो, तो गेला की बगलेतले फुटवे जोर धरतात. खुडलेली भाजी मुलांनी घरी न्यावी. फेब्रुवारीत दोन्ही ओळींतल्या पाच-पाच झाडांच्या फांद्या आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, मोजून वहीत लिहावेत. मोजून झाल्याशिवाय घाटे खाऊ द्यायचे नाहीत, एवढं एकच पथ्य शिक्षकाला सांभाळावं लागतं, आणि ते सगळ्यात अवघड आहे.