काचबिंदूवरील थेंब

काचबिंदूवरील थेंब : डोळ्यातील दाब उतरवून दृक्-तंत्रिकेची (डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेची) झीज रोखण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीने रोज घालावयाचे औषध. नाशिककडे बोलताना याला ‘प्रेशरचे ड्रॉप’ म्हणतात. या नावामुळे गैरसमजही होतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा डोळ्याचे प्रेशरही उतरेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हे दाब निराळे आहेत. डोळ्यातील दाब नेत्रजलाचा असतो आणि तो १० ते २१ मिमी. पारा असला की सर्वसाधारण मानतात. हे पाणी मिनिटाला सुमारे २ ते २.५ मायक्रोलिटर पाझरते आणि तेवढेच निचरून जाते. निचरा मंदावला की दाब चढतो. दाब चढलेला पण तंत्रिका शाबूत असेल, तर ती नुसती नेत्रदाबवृद्धी; तंत्रिका झिजू लागली आणि नजरेचा घेर कडेने आकसू लागला, की तो काचबिंदू. दाब २१च्या आत असूनही काचबिंदू होतो, आणि तेथेही उपचार दाब आणखी उतरवण्याचाच असतो.

नाव व प्राचीन उल्लेख : ‘काचबिंदू’ हा शब्द ‘मोतीबिंदू’च्या जोडीने घडलेला दिसतो. त्यातील ‘काच’विषयी दोन तर्क करता येतात. रोग विकोपाला गेल्यावर बाहुलीत काचेसारखी हिरवट झाक दिसते, तीवरून नाव पडले, हा पहिला. ग्रीक ‘ग्लॉकोस’ या शब्दाचा अर्थही निळसर-हिरवट असाच असल्याने तो पटण्यासारखा वाटतो. दुसरा तर्क आयुर्वेदाकडे नेतो. प्राचीन वैद्य वाग्भटाने तिमिर, काच आणि लिंगनाश या एकाच दृष्टिरोगाच्या चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मात्र त्या वर्णनाचा मेळ बव्हंशी भिंग गढूळ होण्याशी, म्हणजे आजच्या मोतीबिंदूशी बसतो. तेव्हा शब्द वैद्यकातून आला आणि पुढे त्याचा अर्थ सरकला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. युरोपातही असेच घडले. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटसच्या परंपरेतील ‘ग्लॉकोसिस’ आणि मोतीबिंदू यांची सरमिसळ अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रिसो व मेत्र-जाँ या फ्रेंच वैद्यांनी मोतीबिंदू हा भिंगाचाच विकार असल्याचे दाखवून देईपर्यंत चालू होती.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ‘अधिमंथ’ हा काचबिंदूच्या एका प्रकाराला अधिक जवळचा आहे. डोळा उपटून काढल्यासारखा, घुसळल्यासारखा वाटणे, अर्धे डोके ठणकणे आणि उपचार चुकल्यास काही दिवसांत दृष्टी जाणे, हे वर्णन निचऱ्याचा कोन (कॉर्निया, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, आणि बुबुळ यांमधली नेत्रजलाची वाट) एकाएकी बंद होणाऱ्या तीव्र काचबिंदूशी बरेच जुळते. संहितेचा काळ इ.स.पू. काही शतकांपासून इ.स.च्या आरंभीच्या शतकांपर्यंत निरनिराळा सांगितला जातो, आणि उत्तरतंत्र ही मागाहूनची भर असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. वर्णन जुळले तरीही अधिमंथ म्हणजेच काचबिंदू, असे सरसकट समीकरण मांडणे बरोबर नाही. कारण खुल्या कोनाचा, म्हणजे ही वाट उघडी असूनही होणारा, काचबिंदू दुखत नाही, ठणकत नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षे कळत नाही. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय असलेल्या नाशिक शहरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. उघड्या डोळ्यात औषध ठिबकवण्याला आयुर्वेदात ‘आश्च्योतन’ म्हणतात आणि त्याचे थेंब सात-आठपासून बारापर्यंत सांगितले आहेत. ती विधी आणि आजचा दाबावरील एक थेंब यांत ठिबकवणे एवढेच समान आहे. एकाऐवजी दुसरे चालत नाही.

औषधांचा इतिहास : दाब उतरवणारा पहिला परिणामकारक थेंब विषातून आला. नायजेरियातील कॅलाबार भागात आरोपीचा खरेखोटेपणा ठरवण्यासाठी एक विषारी शेंगबी खाऊ घालत. तिच्या अर्काने बाहुली आकुंचन पावते, हे १८६०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लक्षात आले. स्ट्रासबर्गचे लुडविग लाकर यांनी १८७६मध्ये त्यातील फायसोस्टिग्मीन काचबिंदूवर वापरले. ते स्वतः काचबिंदूचे रुग्ण होते. त्याच सुमारास आडोल्फ वेबर यांनी ब्राझीलमधील जाबोरांडीच्या पानांपासून मिळणारे पायलोकार्पीन वापरात आणले. ते वेगळे काढण्याचा मान फ्रान्समधील हार्डी की इंग्लंडमधील जेरार्ड यांचा, हा वाद जुना आहे. दोघांनी १८७५च्या आसपास स्वतंत्रपणे ते साधले, असे मानणे योग्य. यापूर्वी, १८५७मध्ये, जर्मन नेत्रवैद्य फोन ग्रेफे यांची काचबिंदूवरील शस्त्रक्रिया प्रसिद्ध झालेली होती. पायलोकार्पीनने बाहुली टाचणीएवढी होते, कपाळ दुखते आणि ते दिवसातून चार वेळा घालावे लागते. तरी शतकभर मुख्य आधार तेच होते.

१९७८मध्ये अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली आणि थेंब दिवसातून एकदा-दोनदा घालण्यावर आले. ते नेत्रजलाची निर्मितीच कमी करते. दमा असलेल्यांना आणि हृदयाची गती मंद असलेल्यांना मात्र ते धोक्याचे. डोळ्यातून नाकात उतरून औषध थेट रक्तात जाते, म्हणून दम्याची हकीकत डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगायलाच हवी. पुढे डॉर्झोलामाइड आले, ज्याने जिभेवर कडवटपणा येतो. मग ब्रिमोनिडीन, ज्याने तोंड कोरडे पडते आणि सुस्ती येते. दोन वर्षांखालील मुलांना ब्रिमोनिडीन देत नाहीत. १९९६मध्ये आलेल्या लॅटॅनोप्रोस्टने चित्र पालटले. प्रोस्टाग्लँडिन गटातील हे औषध पाण्याला निचऱ्याची दुसरी वाट मोकळी करून देते, रात्री एकच थेंब पुरतो आणि दाब साधारण २५ ते ३३ टक्के उतरतो. पापण्यांचे केस लांबतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. एकाच डोळ्यात घालणाऱ्यांना हा फरक आरशात चटकन जाणवतो. टिमोलॉल व लॅटॅनोप्रोस्ट दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

कोणाला द्यावे : नुसता दाब वाढलेल्या प्रत्येकाला थेंब द्यावेत का, यावर बरीच मतभिन्नता होती. अमेरिकेतील १,६३६ व्यक्तींवरील अभ्यासाचे निष्कर्ष २००२मध्ये आले. त्यात पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना, तर घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला. धोका निम्म्याने घटला हे खरे. पण थेंबांवाचूनही नव्वद टक्क्यांहून अधिक जण त्या काळात सुरक्षित राहिले, हेही तितकेच खरे. त्यामुळे वय, कॉर्नियाची जाडी, तंत्रिकेचे रूप आणि घरातील इतिहास पाहून ठरवणे, हा आता रूढ झालेला मार्ग अधिक समंजस वाटतो. झीज सुरू झालेल्यांबाबत असा पर्याय उरत नाही.

थेंब घालण्याची रीत : औषध वाया जाण्याची खरी जागा हीच. बाटलीतील एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, आणि डोळ्याच्या खालच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावते. म्हणजे दुसरा थेंब गालावरून ओघळायलाच टाकलेला. हात धुऊन, मान मागे टाकून, तर्जनीने खालची पापणी ओढावी म्हणजे एक छोटा खिसा तयार होतो. नजर वर, बाटली डोळ्याला न टेकवता थेंब त्या खिशात. मग उघडझाप न करता डोळा अलगद मिटावा आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. औषध रक्तात कमी उतरते. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटे थांबावे. संधिवाताने बोटे वाकलेल्या आजीला कडक बाटली दाबवत नाही. तेव्हा तिच्या थरथरत्या हाताला कपाळाचा टेकू द्यावा किंवा रात्रीचा थेंब नातवाकडे सोपवावा.

या औषधाने नजर सुधारत नाही आणि बंद केल्याने लगेच बिघडतही नाही. म्हणून बाटली संपली की ती पुन्हा आणायचे राहून जाते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकते. थेंबाचे काम एवढेच, आणि ते फार मोठे आहे. हे पहिल्याच भेटीत, मराठीत, घरच्या माणसासमोर सांगितले जावे, असे या नोंदीच्या लेखकाचे आग्रहाचे मत आहे.

नाशिक परिसर : गोळे कॉलनीत औषधांचा घाऊक बाजार असल्याने शहरात बहुतेक थेंब सहज मिळतात. अडचण उन्हाळ्याची. न उघडलेले लॅटॅनोप्रोस्ट २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचे असते, आणि उघडल्यावर २५ अंशांखाली सहा आठवड्यांपर्यंत चालते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मोटारसायकलच्या डिकीतून सुरगाण्या-पेठेकडे निघालेल्या बाटलीची काळजी वाटते. फ्रीज नसलेल्या घरासाठी तशी साठवण न लागणारे औषध डॉक्टरांकडून मागून घ्यावे. उघडल्याची तारीख बॉलपेनने लेबलवर लिहिण्याची सवय सर्वांनाच उपयोगी.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत धूळ व फवारणीने डोळे चुरचुरतात, खाजतात आणि मेडिकलवरून चिठ्ठीवाचून एखादा ड्रॉप आणला जातो. त्यात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असेल तर लाली लवकर ओसरते, म्हणून तोच ड्रॉप महिनोन्‌महिने चालतो. अशा थेंबांनी काहींचा दाब आठवड्यांतच चढतो, आणि तो चढताना काही जाणवत नाही. स्टेरॉइड थांबवल्यावर बहुतेकांचा दाब पूर्वपदावर येतो. मधल्या काळात झिजलेली तंत्रिका तशीच राहते, आणि मग तिशीतल्या बागायतदाराच्या हातीही काचबिंदूच्या थेंबांची चिठ्ठी येते.