तेलाच्या दाबाचा काटा आणि त्यामागची शंभर वर्षे

फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात कॅप्टन अमोल यादव यांचे सहा आसनी विमान मुंबईकरांनी पाहिले, तेव्हा कौतुक झाले ते मुख्यतः चारकोपच्या इमारतीच्या गच्चीचे, जिथे ते बांधले गेले. सांगाडा गच्चीवर जोडता येतो. इंजिन मात्र हौशी विमानबांधणीत बहुधा दुसऱ्याच्या कारखान्यातून, आणि कित्येकदा दुसऱ्याच कामासाठी घडलेले येते. अशा इंजिनाच्या दुखण्यांत सर्वांत फसवे दुखणे म्हणजे तेलाचा दाब उतरणे. काटा तेल किती वाहते हे सांगत नाही. पंपाने ढकललेल्या तेलाला बेअरिंगच्या फटींतून जाताना किती अडथळा होतो, एवढेच सांगतो. फट रुंदावली, तेल पातळ झाले, व्हॉल्व्ह उघडा राहिला किंवा गेजच बिघडले, तरी दिसणारी खूण एकच असते. या प्रत्येक कारणाचा विमानविद्येत शिरकाव वेगवेगळ्या काळी झाला आहे.

सुरुवातीच्या इंजिनांत हा प्रश्न जवळपास नव्हताच. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात क्रँककेसमधले, म्हणजे मुख्य दांडा सामावणाऱ्या कवचातले, तेल उडून जिथे पडेल तिथे पडे. पहिल्या महायुद्धातील नोम आणि ल रोन या गरगर फिरणाऱ्या रोटरी इंजिनांत पेट्रोलमध्ये सहजी न विरघळणारे एरंडेल वापरत, आणि ते एकदा आत गेले की जळून किंवा उडून बाहेरच पडत असे. आजीने पाजलेल्या एरंडेलाचा गुण ज्यांना आठवतो, त्यांना त्या वैमानिकांच्या पोटाची कल्पना येईल. त्यांच्यासमोर काटा नव्हता, काचेची एक लहानशी कुपी होती. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यातले तेल वरखाली होई. तेल चालू आहे की बंद, हे ती कुपी आजच्या कोणत्याही डायलपेक्षा सरळ सांगत असे, असे माझे मत आहे.

तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवण्याची पद्धत रुळली, तसा दाब मोजणे भाग पडले. त्यासाठीचे साधन तयारच होते: वाफेच्या दाबासाठी युजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये काढलेली, दाब चढला की उलगडू पाहणारी वाकडी नळी. तांब्याची बारीक नळी इंजिनापासून फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली आगरोधक भिंत) ओलांडून पॅनेलपर्यंत येऊ लागली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तो याच पिढीतल्या इंजिनांचा काळ. त्याच दशकात अमेरिकेत काँटिनेंटलची ए-४० आणि ए-६५ ही लहान इंजिने आली आणि पुढे हौशी बांधणाऱ्यांनी ती उचलली. खाली तेल साठवणारे भांडे (संप), मागे गिअर पंप, आणि जादा दाब सोडून देणारा, स्प्रिंगने दाबून धरलेला दट्ट्या, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह, ही त्यांची रचना. त्याच घराण्यातल्या ओ-२०० मध्ये दाब चालू वेगाला ३० ते ६० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि मंद वेगाला किमान १० असावा लागतो. दट्ट्याच्या बैठकीखाली कार्बनचा एक कण अडकला, तरी निरोगी इंजिनाचा दाब उतरतो. शिवाय ही इंजिने दीर्घकाळ उभी राहिली की पंपाचे दाते कोरडे पडतात आणि पंप तेल ओढेनासा होतो. चार महिने पावसाळा झाकून काढणाऱ्या मुंबईच्या विमानाने हे विशेष ध्यानात ठेवावे. जुने मिस्त्री अशा वेळी पंप उघडून दात्यांत व्हॅसलिन भरतात, आणि सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही तर इंजिन बंद करतात.

खरा गोंधळ फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाने आणला. १९५० च्या दशकात फ्रान्समधील रॉजर द्रुईन यांच्या टर्ब्युलंटसारख्या विमानांनी ते स्वीकारले, कारण ते स्वस्त होते आणि हवेने थंड होत होते. पण मोटारीत त्याला दाबाचे गेज नव्हतेच, फक्त इशाऱ्याचा दिवा होता. तेल जेमतेम अडीच लिटर. आणि ऑइल कूलरला वारा घालणारा पंखा विमानासाठी काढून टाकलेला. चढणीच्या उड्डाणात तेल तापे, पातळ होई, काटा खाली येई, आणि बांधणारा बेअरिंगवर संशय घेई. कधी तो संशय खराही ठरे, कारण मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधील बेअरिंगच्या बैठका ठोके खाऊन सैल होत. थंड तेलात ठीक आणि गरम झाल्यावर कोसळणारा दाब, ही त्या झिजेची ओळख. पण नुसत्या तापलेल्या तेलाचीही ओळख तीच.

आजच्या हलक्या विमानांत दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत राहते, आणि क्रँककेसमधून ते टाकीत परत ढकलायला पंप नसून पिस्टनच्या कडेने निसटणारा वायूच असतो. म्हणून तेल मोजण्यापूर्वी प्रोपेलर हाताने फिरवून टाकीतून गुडगुड ऐकावी लागते. नळी एकदा सोडली आणि आतली हवा नीट काढली नाही, तर दाब २ ते ५ बारच्या मर्यादेत स्थिर राहत नाही.

त्यातच तांब्याच्या नळीची जागा इंजिनावर बसून दाबाचा संकेत तारेने पाठवणाऱ्या विजेच्या सेंडरने घेतली. केबिनमध्ये गरम तेल यायचे थांबले हे चांगलेच झाले, पण सैल अर्थिंग हे दाब घसरल्याचे एक नवे कारण जन्माला आले. म्हणून तपास सुरू करावा तो इतिहासाच्या उलट टोकाकडून. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळणारे साधे बूर्दाँ गेज योग्य अ‍ॅडाप्टर लावून सेंडरच्या जागी बसवावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. ते जुळले, तर तेलाची जात आणि तापमान, मग रिलीफ व्हॉल्व्ह, मग पंप तेल ओढतो त्या बाजूची गळती, असे मागे मागे जावे. बेअरिंगची पाळी शेवटी. तीही इंजिन उघडण्याआधी फिल्टर कापून तपासावी: कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरून उन्हात तिरक्या धराव्यात आणि वरून चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटते ते पोलाद. जे न चिकटता नुसते चमकत राहते, ते बेअरिंगचे असू शकते.