सायलोसायबिन उपचार ऑस्ट्रेलियात : अर्ज डॉक्टरचा, फाइल तुमची

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांत हल्ली विचारलं जातं, ‘त्या मशरूमच्या औषधाचा फॉर्म कुठे मिळतो?’ असा फॉर्मच नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने, म्हणजे टीजीएने, १ जुलै २०२३ पासून सायलोसायबिनला, म्हणजे काही मशरूममध्ये सापडणाऱ्या भ्रम निर्माण करणाऱ्या रसायनाला, वाट मोकळी केली ती उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यापुरती, आणि तीही ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांच्या हातून. आधी नैतिकता समितीची मंजुरी, मग टीजीएची परवानगी, नंतर दर सहा महिन्यांनी अहवाल, हे सगळं त्या डॉक्टरने करायचं. जीपी, म्हणजे आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर, हे औषध देऊ शकत नाही. त्याच्याकडून फक्त रेफरल, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी, घ्यायचं.

पात्रतेचा मुख्य प्रश्न असा: नैराश्याची किमान दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही का? ‘खूप गोळ्या खाल्ल्या’ हे उत्तर चालत नाही. पुण्याच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी असेल, तीवर ‘नेक्सिटो १०, ०-०-१’ असं लिहिलेलं असेल. इथल्या डॉक्टरला नेक्सिटो हे नाव ओळखीचं नसणार. शेजारी औषधाचं मूळ नाव, एस्सिटालोप्राम, १० मिलिग्रॅम, रोज रात्री, अमुक महिना ते तमुक महिना असं लिहा. औषध का बंद केलं, तेही लिहा. माझ्या मते निम्मं काम या एका कागदावर होतं. सोबत डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी आणि चालू औषधांची यादी ठेवा. आयुर्वेदिक काढेसुद्धा यादीत आलेच पाहिजेत.

स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल, तर बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. आपल्याकडे ‘काकाला जरा वेड लागलं होतं’ ही गोष्ट झाकून ठेवतात. इथे ती झाकणं धोक्याचं आहे. गरोदरपण, हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी हेही अडतं. लिथियम चालू असेल तर फिट येण्याची भीती असते. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती डॉक्टरच हळूहळू कमी करतील. दरम्यान जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर रेफरलची वाट न पाहता ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा.

खर्च आधीच विचारून घ्या, तो हजारो डॉलरमध्ये जातो. आणि अपेक्षा बेताची ठेवा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या २३३ रुग्णांच्या चाचणीत २५ मिलिग्रॅमच्या एका डोसने तीन आठवड्यांनी नैराश्याचा स्कोअर सरासरी १२ ने उतरला, नाममात्र १ मिलिग्रॅमवाल्यांचा ५.४ ने. पण बारा आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकलेले थोडेच होते.

औषध घरी मिळत नाही. डोसच्या दिवशी सहा ते आठ तास थेरपिस्टच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहायचं असतं. परतीला गाडी चालवायची नाही, न्यायला माणूस हवा. संमतीपत्र सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. घाबरल्यावर थेरपिस्टने हात धरलेला चालेल का, हेसुद्धा आधीच ठरवून लिहून द्यावं लागतं. गोळी घेतल्यावर विचारून उपयोग नसतो.