सगळे तिथे आहेत म्हणून आपण तिथे

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी घातली, तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपांवर दोनच सूर होते. एक, "बरं झालं, आपल्याकडे कधी?" आणि दुसरा, "काही उपयोग नाही, पोरं व्हीपीएन लावून आत जाणार." पण त्या कायद्यातल्या दोन गोष्टींकडे फारसं कोणी बघितलं नाही. बंदी आहे ती अकाउंटवर, बघण्यावर नाही, म्हणजे लॉगिन न करता युट्यूबवर काही बघितलं तर चालतं. आणि दंड होतो तो कंपनीला (4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत!), पोराला किंवा आईबापाला नाही. शिवाय ही बंदी एका पोरावर नाही, त्याच्या वर्गातल्या सगळ्यांवर एकदम आहे. मला विचाराल तर खरं विज्ञान या "सगळ्यांवर एकदम" मध्येच आहे.

लोक पर्सनल अकाउंट ठेवतात तरी कशाला, असं विचारलं की हल्ली एक रेडिमेड उत्तर येतं: डोपामाइन. लाइक आला, डोपामाइन (मेंदूतलं एक रसायन) सुटलं, झालं व्यसन. ऐकायला छान वाटतं पण प्रकरण इतकं सरळ नाही. वुल्फराम शुल्ट्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले त्यात असं दिसलं की अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात चालतात, पण "दिवा लागला की रस मिळतो" हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच चालतात, रसाला नाही, आणि कबूल केलेला रस आलाच नाही तर उलट मंदावतात. म्हणजे हा काही आनंदाचा रस वगैरे नाही, हा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातल्या फरकाचा हिशोब आहे. तेव्हा ते "डोपामाइन डिटॉक्स"चे वीकेंड कोर्स विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. डोपामाइन हे विष नाही, ते मेंदूत कमी पडलं की पार्किन्सन्स होतो, हातपाय हलवायला पण ते लागतं.

आणि डोपामाइनने फार तर एवढं समजेल की माणूस अ‍ॅप सारखं सारखं का उघडतो. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचं एखादं अकाउंट असं असतं की जे सहा सहा महिने उघडलेलंच नाही, पासवर्ड पण आठवत नाही, तरी ते डिलीट करायचं म्हटलं की हात मागे येतो. नको राहू दे, शाळेचा ग्रुप तिथेच आहे, अमेरिकेतली भाची फोटो तिथेच टाकते, कुठल्यातरी दुसऱ्या अ‍ॅपचं लॉगिन त्यालाच जोडलंय. इथे कसलं डोपामाइन? वापरणं वेगळं आणि अकाउंट ठेवणं वेगळं, आणि मला हे दुसरं जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

ते मोजायची अर्थशास्त्रज्ञांची पद्धत सोपी आहे, सरळ किंमत विचारायची. 2018 मध्ये अमेरिकेत मध्यावधी निवडणुकीच्या आधी हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून जास्त फेसबुकवाल्यांना विचारलं की 4 आठवडे अकाउंट बंद ठेवायचे किती घ्याल? सगळी उत्तरं चढत्या क्रमाने लावली तर मधल्या माणसाचं उत्तर साधारण 100 डॉलर. मग काहींना खरोखर पैसे देऊन बंद करायला लावलं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला, तो बराचसा टीव्ही बघण्यात आणि घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर गेला, बातम्या जरा कमी कळल्या, राजकीय कडवटपणा थोडा उतरला, आणि थोडं बरं वाटलं. थोडंच हां, आयुष्य वगैरे बदललं नाही. प्रयोग संपल्यावर त्यांचा वापर आधीपेक्षा कमी झाला, पण बहुतेक जण परत आले.

आता गंमत बघा. नसलं तर बरं वाटतं, तरी ते सोडायला माणूस 100 डॉलर मागतो. हे असं का?

याचं निम्मं उत्तर "आपले सगळे तिथे आहेत" हे, आणि ते खरंच आहे. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीवरून बोंबाबोंब झाली तेव्हा कितीतरी जणांनी सिग्नल नावाचं दुसरं मेसेजिंग अ‍ॅप टाकलं, चार दिवस "मी इथे आलोय" केलं आणि गपचूप परत आले, कारण सोसायटीचा ग्रुप आला नव्हता, मावशी आली नव्हती. कू नावाचं आपलं देशी ट्विटर आठवतंय का? मराठी होतं, मंत्री होते, 2024 मध्ये बंद पडलं. अ‍ॅप चांगलं का वाईट हा प्रश्नच नसतो, माणसं कुठे आहेत एवढाच प्रश्न असतो.

पण उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे हे "सगळे" नेमके किती याचा आपला अंदाजच पद्धतशीरपणे चुकतो, आणि तो आपण मूर्ख आहोत म्हणून नाही, गणितामुळे चुकतो. हे माझं अत्यंत लाडकं गणित आहे त्यामुळे जरा पाल्हाळ लागणार, सहन करा.

1991 मध्ये स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बहुतेक माणसांना जितके मित्र असतात त्यापेक्षा त्यांच्या मित्रांना सरासरी जास्त मित्र असतात. याला फ्रेंडशिप पॅराडॉक्स (मैत्रीचा विरोधाभास) म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं असं कसं होईल, मैत्री तर दोन्हीकडून असते ना, जमाखर्च सारखाच पडायला हवा. तर कागद घ्या. पाच जण: विद्या, बाळू, नंदा, सुमन आणि रफिक. विद्याची चौघांशी मैत्री आहे. त्याशिवाय बाळू आणि नंदा एकमेकांचे मित्र. बस. म्हणजे विद्याला 4 मित्र, बाळू आणि नंदाला 2-2, सुमन आणि रफिकला 1-1. बेरीज 10, माणशी सरासरी 2.

आता प्रत्येकाच्या डोळ्यांनी बघा. सुमनला एकच मैत्रीण, विद्या, आणि तिला 4 मित्र. म्हणजे सुमन 1, तिच्या मित्रांची सरासरी 4. रफिकचं तेच. बाळूचे मित्र विद्या (4) आणि नंदा (2), सरासरी 3, तो स्वतः 2. नंदाचं तेच. फक्त विद्याच्या मित्रांची सरासरी दीड, ती स्वतः 4. म्हणजे पाचातल्या चौघांना असं दिसतं की "माझ्यापेक्षा माझ्या मित्रांचं सर्कल मोठं आहे", आणि हे चौघंही खोटं बोलत नाहीयेत, त्यांना दिसतंय ते अगदी खरं आहे!

कारण साधं आहे. विद्या एकच आहे पण ती चौघांच्या यादीत आहे, म्हणून ती चार वेळा मोजली जाते. सुमन एकाच यादीत आहे, ती एकदाच मोजली जाते. ज्याला शून्य मित्र तो तर कोणाच्याच यादीत नाही, तो मोजलाच जात नाही. ज्याचं सर्कल मोठं तो जास्त लोकांना दिसतो, विषय संपला.

ज्यांना आकडेमोड आवडते त्यांच्यासाठी थोडं पुढे, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. सगळ्या मैत्र्यांची टोकं मोजली (इथे 10 आहेत) आणि प्रत्येक टोकाला जो बसलाय त्याचे मित्र किती याची सरासरी काढली तर ती येते 4 चा वर्ग अधिक 2 चा वर्ग अधिक 2 चा वर्ग अधिक 1 अधिक 1, म्हणजे 26, भागिले 10, म्हणजे 2.6. सूत्र असं: मूळ सरासरी अधिक व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) भागिले सरासरी. इथे व्हेरियन्स 1.2, त्याला 2 ने भागलं की 0.6, ते 2 मध्ये मिळवलं की 2.6. (वरच्या पद्धतीने पाच जणांच्या पाच सरासऱ्यांची सरासरी काढली तर 3.1 येते, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, दोन्ही 2 पेक्षा जास्तच.) व्हेरियन्स कधी निगेटिव्ह होत नाही, म्हणून ही बेरीज मूळ सरासरीच्या खाली येऊच शकत नाही, आणि सगळ्यांना अगदी सारखेच मित्र असले तरच ती सरासरीइतकी येते. आणि सोशल मीडियावर हा व्हेरियन्स अवाढव्य असतो, एकाला 12 मित्र तर एकाला 4 हजार.

2011 मध्ये फेसबुकच्या 72 कोटी 10 लाख अकाउंटवर हे तपासलं तर माणशी सरासरी मित्र 190 आणि त्या मित्रांचे मित्र सरासरी 635. सुमारे 93 टक्के लोकांचे मित्र त्यांच्या मित्रांच्या सरासरीपेक्षा कमी. म्हणजे "माझंच सर्कल लहान आहे" हे जवळजवळ प्रत्येकाला दिसतं.

याचा चांगला उपयोग पण होतो बरं का. 2009 च्या फ्लूच्या साथीत क्रिस्टाकिस आणि फाउलर या संशोधकांनी हार्वर्डमध्ये काही विद्यार्थी कुठलाही निकष न लावता निवडले आणि त्यांना आपापले मित्र सांगायला लावले, मग दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. सांगितलेल्या मित्रांच्या गटात साथ जवळपास 2 आठवडे आधी पोचली. कारण तेच, ज्याचं नाव कोणीतरी घेतं तो जाळ्याच्या मध्याकडे असण्याची शक्यता जास्त. साथीची आगाऊ सूचना, आणि ती पण फुकटात!

तर परत अकाउंटकडे. फीडमध्ये हा झुकाव आणखी वाढतो कारण तिथे नुसते मित्र नाही, पोस्ट मोजल्या जातात. जो दिवसाला वीस पोस्ट टाकतो तो वीस वेळा दिसतो, जो नुसता वाचून पुढे जातो तो दिसतच नाही. प्यू रिसर्च या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटरवाल्यांचा हिशोब काढला तर 80 टक्के ट्विट 10 टक्के लोकांची होती, आणि मधला माणूस महिन्याला जेमतेम 2 ट्विट करत होता. म्हणजे "सगळं जग तिथे बोलतंय आणि मीच गप्प" असं ज्याला वाटतं तो खरं तर बहुमतात आहे, फक्त ते बहुमत गप्प असल्यामुळे त्याला दिसत नाही. ज्यांना कंटाळा आलाय त्यांचा कंटाळा पण तसाच दिसत नाही. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना हे हवंय, मी एकटा निघालो तर मीच बाहेर पडणार.

आता यावरचा सगळ्यात भारी प्रयोग. शिकागो विद्यापीठातले लिओनार्डो बुर्स्टिन आणि सहकारी यांनी 2023 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं, 4 आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती घ्याल? सरासरी 59 डॉलर. इन्स्टाचे 47. मग दुसरा प्रश्न: तुमच्या कॉलेजातल्या जवळजवळ सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? तेव्हा उत्तराचं चिन्हच बदललं. सगळ्यांचं बंद व्हावं म्हणून सरासरी 28 डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला पोरं तयार, इन्स्टासाठी 10. म्हणजे ती वस्तू त्यांना आवडते म्हणून ते 59 मागत नव्हते, एकट्याने बाहेर राहायची ती किंमत होती.

आपल्याला हे नवीन नाही. लग्नातल्या आहेराचं हेच व्हायचं. देणाऱ्याला नकोसा, घेणाऱ्याला ते टॉवेल-टोपी आणि तीच ती स्टीलची भांडी नकोशी, पण रिकाम्या हाताने जाणारा पहिला माणूस कोण होणार? शेवटी पत्रिकेच्या तळाशी "कृपया आहेर आणू नये" छापायला लागले आणि प्रश्न सगळ्यांचा एकदम सुटला.

फोनच्या बाबतीत पण असं करून बघितलेलं गाव आपल्याकडे आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. 2022 च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठपर्यंत. कोविडच्या ऑनलाइन शाळेने पोरांच्या हातात फोन गेला तो परत येईना, म्हणून गावाने मिळून ठरवलं. आता भोंग्यात कसली ताकद आहे? काही नाही. पण त्या दीड तासात फोन बंद ठेवणाऱ्या पोराला माहीत असतं की शेजारच्याचा पण बंद आहे, ग्रुपवर काही चालू नाही, आपलं काही चुकत नाही. 59 डॉलरचा प्रश्नच उरत नाही. मला स्वतःला ऑस्ट्रेलियाच्या कायद्यापेक्षा हा भोंगा जास्त आवडतो, कारण तो लोकांनी ठरवून लावला आणि वय तपासायला कोणाचे चेहरे स्कॅन करावे लागले नाहीत. पण दोघांमागचं तत्त्व एकच.

उलट एकट्याने करायचे तोडगे बघा. दर दोन-तीन वर्षांनी ती पोस्ट फिरते ना, "मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही, तुम्ही पण कॉपी करून आपल्या वॉलवर टाका", चांगली शिकलेली माणसं टाकतात. अकाउंट उघडताना आपण ज्या अटी मान्य केल्या त्या असल्या पोस्टने बदलत नाहीत. "हा मेसेज 11 जणांना पाठवा, शुभ वार्ता कळेल" याच्या इतकाच त्याचा गुण.

बरं, मग सरळ डिलीटच केलं अकाउंट, तर सुटलो का? इथे एक अडचण आहे. 2019 मध्ये जेम्स बॅगरो, शिपेंग लिउ आणि लुइस मिचेल या संशोधकांनी तेरा हजारांवर ट्विटर अकाउंटची 3 कोटींहून जास्त ट्विट घेतली आणि एक माणूस पुढे काय लिहील याचा अंदाज निव्वळ त्याच्या मित्रांच्या ट्विटवरून किती बांधता येतो ते मोजलं. 8-9 मित्रांचं लिखाण मिळालं की त्या माणसाच्या स्वतःच्या लिखाणावरून जितका अंदाज येतो साधारण तितका येतो. म्हणजे तो माणूस स्वतः गप्प बसला किंवा निघून गेला तरी त्याच्याबद्दलची बरीचशी माहिती मागे राहिलेल्या मित्रांकडून गळतच राहते. वर परत मित्रांनी अ‍ॅपला कॉन्टॅक्ट लिस्ट दिलेली असते, त्यात तुमचा नंबर असतो, ग्रुप फोटोत तुमचा चेहरा असतो, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून तारीख कधीच गेलेली असते. म्हणून कोणी ऐटीत म्हणालं की "माझं कुठेच अकाउंट नाही", तर मी आधी विचारतो, वहिनींचं आहे का?