घरगुती स्पंज फिल्टर (मत्स्यालय)

सच्छिद्र स्पंज, प्लॅस्टिकची नळी आणि हवेचा पंप एवढ्या साहित्यातून तयार होणारे, लहान मत्स्यालयातील पाणी माशांना राहण्याजोगे ठेवणारे साधन. साधारणतः 10 ते 60 लिटरच्या, मासे बेताचे असलेल्या टाकीला ते पुरेसे ठरते. पाण्यात तरंगणारा गाळ ते अडवते खरे, परंतु ते त्याचे दुय्यम काम होय. स्पंजच्या छिद्रांत वस्ती करणाऱ्या जीवाणूंना आधार देणे आणि त्यांच्यापर्यंत प्राणवायूयुक्त पाणी अखंड पोहोचवणे हे मुख्य काम असल्यामुळे विकतचा आणि घरी केलेला स्पंज फिल्टर यांच्या गुणवत्तेत फारसा फरक राहत नाही. जीवाणूंना वेष्टनाशी काही कर्तव्य नसते.

माशांच्या शरीरातील अमोनिया प्रामुख्याने कल्ल्यांवाटे बाहेर पडतो आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजल्याने त्यात भर पडते. त्याचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचे माप) आणि तापमानावर अवलंबून असतो: 25° से. तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी 1 टक्क्याहूनही कमी भाग घातक अशा मुक्त स्वरूपात असतो, तर सामू 8 झाल्यास तो 5 टक्क्यांच्या पुढे जातो. नायट्रोसोमोनास व तत्सम जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच असते, कारण ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते. नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू त्यापासून तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट तयार करतात. अमोनियाच्या रूपातील 1 ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होण्यास सुमारे 4.6 ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणूनच पाण्याच्या प्रवाहाशिवाय स्पंज नुसता टाकीत ठेवून भागत नाही.

हा प्रवाह निर्माण करण्यासाठी पाण्यात मोटर बुडवावी लागत नाही. उभ्या नळीच्या तळाशी हवा सोडली की नळीतील पाणी आणि बुडबुडे यांच्या मिश्रणाची घनता बाहेरच्या पाण्यापेक्षा कमी होते; बाहेरचे जड पाणी स्पंजमधून आत शिरते आणि हलक्या मिश्रणाला वर ढकलते. हवा जितकी खोल सोडावी तितका उपसा वाढतो. नळीचे वरचे तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवणे इष्ट, कारण ते पातळीच्या वर जाऊ लागताच उपसा झपाट्याने घटतो. नळी फार रुंद असल्यास बुडबुडे पाण्याला सोबत न नेता एकटेच वर निघून जातात, तर फार अरुंद नळीत घर्षण आड येते. लहान टाकीसाठी 12 ते 20 मिमी आतील व्यासाची पीव्हीसी नळी योग्य ठरते.

नळीच्या खालच्या, स्पंजने झाकल्या जाणाऱ्या भागाला चहूबाजूंनी 4 ते 5 मिमी व्यासाची छिद्रे पाडतात आणि खालचे टोक टोपणाने बंद करतात. या टोपणाकडे हमखास दुर्लक्ष होते. टोक उघडे राहिले, किंवा एखादे छिद्र स्पंजच्या वर उघडे पडले, तर पाणी सोपी वाट धरून स्पंजला वळसा घालते आणि वरून जोमाने बुडबुडे येत असूनही फिल्टर काहीच काम करीत नाही. स्पंजच्या मधोमध नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान भोक पाडावे, म्हणजे पकड घट्ट बसते. भिजवून गोठवलेल्या स्पंजला भोक नीट पाडता येते. हवेची बारीक नळी मुख्य नळीतून तळापर्यंत सोडतात; तिच्या टोकाला हवेचा दगड (हवा बारीक छिद्रांतून सोडणारा सच्छिद्र तुकडा) बसवल्यास बुडबुडे बारीक होतात आणि आवाजही कमी होतो. कोरडा स्पंज तरंगतो, तेव्हा तो पाण्याखाली दाबून त्यातील हवा काढावी आणि बुडाशी फरशीचा तुकडा किंवा काचेला चिकटणारी रबरी वाटी जोडावी.

स्पंज खुल्या छिद्रांचा आणि कोणतीही प्रक्रिया न केलेला हवा. भांडी घासण्याच्या स्पंजात साबण किंवा जंतुनाशक असू शकते. जीवाणू पोसण्यासाठी जंतुनाशक लावलेला स्पंज वापरण्यात काही अर्थ नाही. तांबे व पितळ यांचे भाग टाळावेत, कारण तांबे विशेषतः कोळंबी आणि गोगलगायींना मारक असते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा हवेच्या नळीत एकमार्गी झडप बसवावी. तसे न केल्यास वीज गेल्यावर टाकीतील पाणी उलट वाहून पंपात शिरू शकते.

नव्या फिल्टरमध्ये जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणपणे 4 ते 6 आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे अजिबात नसावेत किंवा अगदी मोजके असावेत आणि अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी करीत राहावे. पुढे स्पंजवर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. तो पाहून स्पंज नळाखाली स्वच्छ धुण्याचा मोह होतो, पण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. प्रवाह मंदावल्याचे दिसेल तेव्हाच, टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळणे पुरेसे असते. नायट्रेट मात्र हा फिल्टर काढू शकत नाही. त्यासाठी दर आठवड्याला सुमारे 20 ते 25 टक्के पाणी क्लोरीनमुक्त पाण्याने बदलावे लागते.

प्रवाह सौम्य असल्यामुळे आणि शोषणाचे तोंड उघडे नसल्यामुळे माशांची पिल्ले, कोळंबी आणि बेट्टासारखे संथ पाणी मानवणारे मासे यांच्यासाठी हा प्रकार विशेष सोयीचा आहे. पिल्ले स्पंजवर वाढलेले सूक्ष्मजीव टिपून खातातही. मोठ्या, गर्दीच्या टाकीत किंवा भरपूर घाण करणाऱ्या गोल्डफिशसाठी एकटा स्पंज अपुरा पडतो. जुन्या टाकीत मुरलेला स्पंज नव्या टाकीत हलवल्यास काही आठवड्यांची प्रतीक्षा बरीच कमी होते, मात्र जुन्या टाकीत रोग असल्यास तोही त्याच स्पंजाबरोबर येऊ शकतो.