सेट-टॉप बॉक्स उत्तर का देत नाही? केबलच्या एकेरी वाटेची पार्श्वभूमी

पैसे भरले, तरी पडद्यावर चॅनल सबस्क्राइब नसल्याची पाटी. रिमोट दाबला, तरी चित्र यायला तीन-चार सेकंद. दोन्ही वेळा बॉक्स 'हँग' झाला असं म्हटलं जातं. खरं तर आपल्याकडच्या बहुतेक केबल जाळ्यांत बॉक्सला हेडएंडशी, म्हणजे केबल कंपनीच्या सिग्नल पाठवणाऱ्या केंद्राशी, बोलता येत नाही. त्याला फक्त ऐकता येतं.

याचं मूळ ॲनालॉग काळात आहे. तेव्हा वायर थेट टीव्हीत जायची आणि रस्त्यावरचे ॲम्प्लिफायर सिग्नल एकाच दिशेने पुढे ढकलायचे. २००३ मध्ये चेन्नईत कॅस (पैसे भरलेले चॅनलच बॉक्समधून उघडणारी पद्धत) आलं, २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत. मग डिजिटायझेशनची सक्ती झाली: मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत, तर पुणे, नागपूर, नाशिक धरून ३८ शहरांत ३१ मार्च २०१३ ची. परतीचा मार्ग हवा असता, तर प्रत्येक ॲम्प्लिफायर बदलावा लागला असता आणि घराघरांतून उलट येणारा गोंगाट आवरावा लागला असता. बॉक्स आले, वाट एकेरीच राहिली.

म्हणून तुमचं पॅकेज बॉक्सपर्यंत 'ईएमएम' नावाच्या संदेशातून पोचतं. तो मिळाला की नाही हे हेडएंडला कळत नाही, त्यामुळे तोच संदेश फिरून फिरून पाठवला जातो. नवा संदेश सुरुवातीला भराभर, नंतर विरळ. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहक चॅनल एकेक करून निवडू लागले, घरोघरच्या याद्या वेगळ्या झाल्या आणि संदेशांची रांग लांबली. मेन स्विच बंद असताना आलेला संदेश त्या बॉक्सपुरता वाया जातो. त्यामुळे आधी बॉक्स चालू करून दिसणाऱ्या एखाद्या चॅनलवर ठेवा, मग केबलवाल्याला व्हीसी नंबर (बॉक्सच्या कार्डाचा क्रमांक) देऊन रिफ्रेश मारायला, म्हणजे संदेश पुन्हा पाठवायला, सांगा आणि पंधरा-वीस मिनिटं बॉक्स बंद करू नका. सारखं बंद-चालू केल्याने हुकण्याचीच शक्यता वाढते.

चॅनल बदलायला लागणारा वेळही असाच वाट पाहण्यात जातो. ट्यूनर नव्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावतो, कोणता चॅनल कुठे आहे हे सांगणारे तक्ते वाचतो (हे निदान दर अर्ध्या सेकंदाला यायला हवेत), चॅनलचं कुलूप उघडणारा 'ईसीएम' संदेश घेतो आणि पुढच्या पूर्ण फ्रेमसाठी, म्हणजे अख्ख्या चित्रासाठी, थांबतो; मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात. हेडएंडमध्ये बँडविड्थ वाचवायला पूर्ण फ्रेम लांब-लांब ठेवल्या, तर महागडा बॉक्सही रेंगाळतो.

सिग्नल कच्चा असेल तर यातली प्रत्येक पायरी पुन्हा करावी लागते. ६४ क्वॅमसाठी (केबलवर डिजिटल सिग्नल पाठवण्याची एक पद्धत) बॉक्सच्या तोंडाशी ४७ ते ६७ डीबी-मायक्रोव्होल्ट पातळी हवी, एमईआर (सिग्नलच्या स्वच्छतेचं माप) किमान २६ डीबी. आम्ही ३० च्या खाली समाधान मानत नाही. दोन फाट्यांचा स्प्लिटर साडेतीन-चार डीबी खातो. जास्त सिग्नलही वाईटच: ॲम्प्लिफायरशेजारच्या घरात चौकडे दिसत असतील, तर सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावावा लागतो. ॲनालॉगमध्ये मुंग्या दिसून आगाऊ सूचना मिळायची. डिजिटलमध्ये चित्र काठापर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकदम तुटतं, म्हणून मीटर न लावता 'चित्र छान आहे' म्हणून निघून जाणं चूक आहे.

बॉक्स आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर आधी ॲडॅप्टर बदलून पाहा. कपॅसिटर फुगलेला ॲडॅप्टर रिकामा असताना मीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, बॉक्सचा भार पडला की खाली येतो.