व्हॅलेंटाईन डेचा गुलाब नेताना ही गोष्ट पण घेऊन जा

दरवर्षी फेब्रुवारी आला की काउंटरवर कोणीतरी विचारतंच, हा व्हॅलेंटाईन नक्की कोण होता हो? गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून यंदा बुकेसोबत हा कागद देतोय, घरी निवांत वाचा.

व्हॅलेंटाईन म्हणजे धर्मासाठी जीव दिलेला ख्रिस्ती संत. जुन्या नोंदींत या नावाचे दोघं सापडतात, एक रोमचा पाद्री आणि दुसरा तेर्नीचा बिशप, आणि दोघांचाही दिवस १४ फेब्रुवारीच. राजाने लग्नावर बंदी घातली आणि यांनी सैनिकांची गुपचूप लग्नं लावून दिली, ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी गोष्ट गोड आहे, पण ती फार नंतरची, त्या काळातला पुरावा तिला नाही.

मग यात प्रेम कुठून आलं? पक्ष्यांमुळे! १३८० च्या सुमारास चॉसर या इंग्रज कवीने एक लांबलचक कविता लिहिली, त्यात सेंट व्हॅलेंटाईनच्या दिवशी सगळे पक्षी आपापला जोडीदार निवडायला जमतात. या दिवसाची प्रेमाशी सांगड घातलेली दिसते ती इथून पुढेच.

आता आमची सगळ्यात आवडती गोष्ट. साल १४७७, इंग्लंडमधलं नॉरफोक. मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीचं लग्न जॉन पॅस्टनशी ठरत होतं आणि अडलं कशावर, तर हुंड्यावर. मुलीच्या आईने जॉनला कळवलं की शुक्रवारी सेंट व्हॅलेंटाईनचा दिवस आहे, प्रत्येक पक्षी जोडीदार निवडतो, तेव्हा गुरुवारी रात्रीच या आणि बोलणी करून टाका. आणि मार्जरीने त्याला 'माझ्या लाडक्या व्हॅलेंटाईन' म्हणत पत्र पाठवलं, की वडील याहून जास्त देणार नाहीत, पण तुमचं माझ्यावर खरंच प्रेम असेल तर तेवढ्यासाठी मला सोडणार नाही. त्याने नाही सोडलं, लग्न झालं. ते पत्र आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत हेच बोलणं झालंय, म्हणून ते वाचताना गलबलून येतं.

पुढे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र जायला लागलं आणि लेस लावलेल्या कार्डांचा धंदा जोरात सुरू झाला, १८६० च्या दशकात कॅडबरीने बदामाच्या आकाराचा चॉकलेटचा डबा आणला. गुलाब मात्र त्याहून जुना, रोमन लोक तो प्रेमाची देवी व्हीनस हिचं फूल मानायचे.

आणि तुमच्या हातातला गुलाब मावळातला, तळेगावकडच्या पॉलिहाऊसमधला. तिथले शेतकरी फेब्रुवारीचा माल धरायचा म्हणून डिसेंबरमध्येच झाडांची छाटणी करतात, कळीला जाळीची टोपी घालतात, आणि थंडी जास्त पडली की फूल लांबेल या काळजीने त्यांना झोप नसते. त्यातली बरीच फुलं परदेशात पण जातात.

घरी गेल्यावर दांडी खालून तिरकी कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि पाणी रोज बदला. बुकेत एक कोरं कार्ड ठेवलंय, त्यावर आम्ही मुद्दाम काही छापलेलं नाही. मार्जरीसारखं मनातलं दोन ओळीत लिहा, पेन हवं असेल तर काउंटरवर मागा.